दगडावरचा एक शब्द

खुबूसचा, म्हणजे इथल्या रोटीचा, पहिला घास दाताखाली कचकचला की समजायचं, तोज आली. इथं कुवेतमध्ये धुळीच्या वादळाला तोज म्हणतात. खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबा, दाराखाली गोणपाट लावा, ती आत येतेच. उशीच्या अभ्र्यात, चहाच्या डब्यात, टाइपरायटरच्या अक्षरांच्या पोटात. आभाळ हळदीच्या पाण्यासारखं होतं. भर दुपारी दिवे लागतात. मिरकाबमधल्या आमच्या गल्लीतून माणसं डोक्यातोंडाला फडकी गुंडाळून चालतात आणि सगळी एकसारखी दिसतात. कोण अरब, कोण इराणी, कोण रत्नागिरीचा, ओळखू येत नाही. काहींना ते बरं वाटत असेल. मला नाही वाटत. कोण कुठला हे कळलंच पाहिजे, असा माझा हट्ट आहे, आणि या हट्टाने मला काय दिलं ते मी सांगणार आहे.

परवा तोज आली आणि मला वॉल्टरचा मोसम आठवला.

मी इथल्या एका सरकारी इस्पितळात टायपिस्ट आहे. गावी असताना पत्रकं लिहायचो. धर्मांतरानंतरची वर्षं होती ती. आमचं युवक मंडळ होतं, उसनं आणलेलं सायक्लोस्टाइल मशीन होतं आणि शाईने काळी झालेली बोटं होती. माझं वाक्य आखूड असतं, ते त्या मशीनमुळे. लांब वाक्य लिहिलं की स्टेन्सिल फाटायचा. पुढे वडील गेले, धाकटी बहीण नर्सिंगला लागली, आणि मी बोटीने इथं आलो. मंडळाचा चिटणीस दिनकर, माझा वर्गमित्र, धक्क्यावर पोचवायला आला होता. म्हणाला, "जा. पण लिहीत राहा. नाहीतर तिकडं जाऊन नुसता पोट सुटलेला माणूस होशील."

इथं पहिल्या महिन्यात मी आपल्या लोकांच्या एका मेसमध्ये जेवायला जायचो. वरण-भात, पोळी, बोलणं मराठी, वाटलं, चला. एका सद्गृहस्थांनी आडनाव विचारलं. सांगितलं. गाव विचारलं. सांगितलं. "म्हणजे तुम्ही नेमके कोणते?" तेही सांगितलं, जरा मोठ्यानेच. दुसऱ्या दिवशी माझं ताट वेगळ्या फळीवर होतं. कोणी काही बोललं नाही. आपल्याकडे अशा वेळी कोणी काही बोलत नाही, हीच तर कारागिरी आहे. समुद्र ओलांडला, पासपोर्ट काढला, रुपया जाऊन दिनार आला, फळी तीच. मी ताट उचलून मधल्या टेबलावर ठेवलं, जेवलो, आणि परत गेलो नाही.

तेव्हापासून मी इस्माईलचाचांच्या खोलीत राहतो. चाचा राजापूरकडचे, शिंपी. अरबांचे पायघोळ दिशदाशा शिवतात आणि साहेबांचे सूटही. सकाळी मासळीबाजारातून पापलेट आणतात. इथं त्याला झुबैदी म्हणतात, आणि चाचा रोज त्या अरबाशी नावावरून वाद घालतात. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की थंड पाण्याच्या नळाला चहाचं पाणी येतं. चाचा त्यातच तांदूळ भिजवतात. "फुकट गॅस," म्हणतात.

या चाचांचं आणि माझं एक नातं निघालं, ते शाळेचं. आमच्या गावी कॅम्पात, म्हणजे जुन्या छावणीच्या वस्तीत, एक शाळा आहे, आता तिचं कॉलेज झालंय. ती महार पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या शिपायांनी काढली. माझे आजोबा त्यांच्यातले. पलटणीत त्यांना अक्षर शिकवलं गेलं होतं, हिशेब शिकवला होता, आणि गावात परतल्यावर त्यांच्या पोरांना शाळेत आत घेईनात, बाहेर ओट्यावर बसवत. म्हणून त्यांनी पेन्शनीतून एक पडवी बांधली आणि स्वतःच शिकवायला बसले. पुढे सरकारने पलटणीत आमची भरतीच बंद केली. पडवी मात्र राहिली. इस्माईलचाचा त्याच शाळेत शिकले.

"आम्ही त्यांना शिपाईमास्तर म्हणायचो," चाचा म्हणाले. "पाढे चुकले की बूट वाजवायचे. मारायचे नाय. बूट वाजला की आमची मुतायची पाळी."

"जात माहीत होती ना सगळ्यांना?"

"अरे, तुझा आजा काय लपवत होता की काय? छातीवर बिल्ले लावून फिरायचा."

ते बिल्ले आमच्या घरी आहेत. आई दसऱ्याला चिंचेने घासते.

त्या वर्षी कॉलेजने ठरवलं की या शिपायांचा पुतळा उभा करायचा. एक शिपाई, एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात पाटी. खाली दगड, दगडावर चार ओळी. त्या ओळी मी लिहाव्यात असं दिनकरने कमिटीकडून कबूल करून घेतलं. शिपायाचा नातू आणि पत्रकं लिहिणारा, असा माणूस दुसरा नव्हता. लिहायला काय, मी एका बैठकीत लिहिल्या असत्या. पण एक शब्द आडवा आला. महार.

आम्ही तो शब्द सोडला होता. स्पष्ट सांगतो, सोडला होता म्हणजे थुंकून टाकला होता. माझ्याच एका पत्रकात मी लिहिलं होतं की हा शब्द जो उच्चारेल त्याला उत्तर देऊ नका, तो तुम्हाला बोलावत नाही, हुसकावतो आहे. दिनकरचं पत्र आलं: तो शब्द दगडावर येता कामा नये, आपली पोरं रोज त्यासमोरून जाणार. त्याच टपालाने कॉलेजच्या अध्यक्षांचं आलं. अध्यक्ष वकील, मोठ्या घरातले, गोड बोलणारे. त्यांनी लिहिलं: जातीचा उल्लेख नसावा, आता आपण सारे एक आहोत, 'काही दानशूर निवृत्त सैनिक' असं घालावं.

दोन टोकांची माणसं आणि दोघांना दगडावर एकच जागा कोरी हवी होती. मला तेव्हा यात काही खटकलं नाही. मी दिनकरच्या बाजूने होतो.

त्याच आठवड्यात तोज सुरू झाली आणि आमच्या वॉर्डात एक खलाशी आला. तेलाच्या जहाजाच्या शिडीवरून पडला होता, पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं. जहाज काही थांबत नाही. ते भरलं आणि गेलं. कागद टाइप करायला माझ्याकडे आला, त्यावर कोणीतरी लिहिलं होतं, राष्ट्रीयत्व सुदानी. पासपोर्टचा नंबर मात्र अमेरिकन. मी वॉर्डात विचारायला गेलो.

वॉर्डबॉय म्हणाला, "काळा आहे. अमेरिकन कसा असेल?"

खाटेवरचा माणूस छताकडे बघत होता. पन्नाशीचा, लांबरुंद, प्लास्टरातला पाय दोरीने टांगलेला.

"तू अमेरिकन आहेस?" मी इंग्रजीत विचारलं.

"पासपोर्ट तसं म्हणतो," तो म्हणाला. "अमेरिका कधीकधी म्हणते."

मी त्याच्यासमोर सुदानी खोडून अमेरिकन लिहिलं. तो म्हणाला, "जपून हं. अशाने नोकरी जाईल तुझी." असा वॉल्टर.

इस्पितळात संध्याकाळी भेटायची वेळ म्हणजे जत्रा असते. एकेका खाटेभोवती सगळं घर बसतं, थर्मास, खजूर, पोरंटोरं. वॉल्टरच्या खाटेभोवती कोणी नसायचं. मलाही कुठं जायचं नसायचं. काम सुटलं की मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसायचो. बाहेर पिवळा काळोख, खिडकीच्या काचेवर रेती सरसरते आहे, आणि आम्ही दोघं आपापल्या देशांना शिव्या देतो आहोत. इतकं मनमोकळं मी इथं कोणाशी बोललो नव्हतो. त्यानंतरही नाही.

मी त्याला निग्रो म्हणायचो. आमची वर्तमानपत्रं तेच छापायची, मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. त्याने एकदा हात वर केला. "माझ्या भाचीसमोर हा शब्द काढलास तर ती तुझा टाइपरायटर तुझ्या डोक्यात घालेल. आता आम्ही ब्लॅक. काळे. सरळ."

"आणि तू?"

"मी म्हातारा आहे. मला सवय व्हायच्या आत शब्द बदलतो."

मग त्याने पाकिटातून एक फोटो काढला. अमेरिकेच्या मधल्या भागात कुठंतरी, एका टेकडीवरचं कॉलेज. तिथं तो दोन वर्षं शिकला होता. फोटोत मुलांची रांग आणि मागे पुतळा. एक काळा शिपाई ढोलावर बसलाय. बुटांचे बंद सुटलेले. बंदूक बाजूला टेकवलेली. मांडीवर पुस्तक आणि एक बोट ओळीवर. त्यांच्या यादवी युद्धात लढलेले हे शिपाई. आदल्या वर्षापर्यंत गुलाम होते. त्यांना अक्षर शिकवणं गुन्हा होता. छावणीत शेकोटीपाशी शिकले. युद्ध संपल्यावर त्यांनी आपापल्या पगारातून ते कॉलेज काढलं.

मी तो फोटो कितीतरी वेळ धरून बसलो होतो. मला वाटलं, अरे, हे तर आमच्या कॅम्पातलं आहे. टेकडी तेवढी जास्त हिरवी.

"त्या बोटाकडे बघ," वॉल्टर म्हणाला. बोट चमकत होतं, बाकीचा पुतळा काळपट. "परीक्षेच्या दिवशी पोरं त्याला हात लावून जातात. मीही लावायचो. दोनदा नापास झालो."

त्यानंतर रोज मी त्याच्या शब्दांतून तो पुतळा बघत होतो. स्टुलावर बसून. गेटातून आत शिरलं की डावीकडे वळायचं. चढ आहे, धाप लागते. ओकची झाडं. मग मोकळी जागा. पाऊस पडला की शिपायाच्या पुस्तकात पाणी साठतं आणि चिमण्या पितात. मी विचारायचो, चौथरा किती उंच? पायऱ्या आहेत? कोणाचं नाव वर आहे, त्यांचं की गोऱ्या अधिकाऱ्याचं? वॉल्टर म्हणायचा, "तू कॉलेज बघतोयस की खटला चालवतोयस?" खरं म्हणजे मी बघतच होतो. वॉर्डातली फिनेलचा वास मारणारी फरशी माझ्या पायाखालून जायची आणि त्या चढावरची माती यायची. माझ्या गावच्या शाळेचा चढसुद्धा मला कधी इतका नीट आठवला नव्हता.

"दगडावर काय लिहिलंय?" मी एकदा विचारलं.

"पलटणीचं नाव. अमुक नंबरची कलर्ड पायदळ पलटण."

"कलर्ड?"

"हो. आता भाची आणि तिची मंडळी म्हणतायत, तो शब्द छिन्नीने काढा. आम्ही कोणाचे कलर्ड नाही. सभा चालल्यात, घोषणा चालल्यात. मला पत्र आलंय, सही पाठव म्हणून."

"पाठवलीस?"

"पाठवणार. बरोबर आहे तिचं. तो शब्द मी पाटीवर वाचलाय, पाण्याच्या नळावर वाचलाय, रेल्वेच्या डब्यावर वाचलाय. 'कलर्डसाठी.' एकदा पुतळ्याखालीही वाचायचा? काढा म्हणतो मी."

आणि मी भांडायला लागलो! का ते मला अजून सांगता येत नाही. मी त्याच्या बाजूचाच होतो. हेच वाक्य मी पत्रकात छापलं होतं. पण तोंडातून वेगळंच आलं. "मग तो शिपाई कोण?" मी म्हणालो. "शब्द काढलास की तो कुठलाही शिपाई. उद्या तिथं गोरं पोरगं येईल आणि म्हणेल, वा, आमचे शूर शिपाई, किती दानशूर. ज्यांनी त्यांना अक्षर शिकू दिलं नाही त्यांचेच नातू पुतळ्याला हार घालतील, आणि कोणी कोणाला काय केलं होतं हे दगडावर कुठंच नसेल. शब्द घाणेरडा आहे, कबूल. घाण कोणी केली ते कळायला तो राहिला पाहिजे."

 वॉल्टर हसायला लागला. हसताना पाय हलला आणि तो कळवळला, तरी हसत होता. "शाबास," म्हणाला. "माझ्या दगडाचा निकाल लागला. तुझ्या दगडाचं काय?"

मी त्याला सगळं सांगितलेलं होतं.  मलबारी नर्स आली आणि मला हाकललं, भेटायची वेळ संपली म्हणून.

खोलीवर आलो. चाचा काजं करत बसले होते. मी कागद घेऊन बसलो, लिहिलं, फाडलं, लिहिलं.

"चार ओळींना एवढा घाम?" चाचा म्हणाले. "मी अमीराच्या मेहुण्याच्या कोटाला एवढी मापं घेत नाय."

"चाचा, तो शब्द घालू का नको?"

त्यांनी सुई थांबवली. "घातलास तर तुझे लोक तुला सोडतील. नाय घातलास तर तू स्वतःला खात बसशील आणि मला झोपू देणार नायस. मला विचारशील तर मला झोप हवी."

मी शब्द घातला. पत्र रजिस्टर्ड पाठवलं. वॉल्टरला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "मी सही पाठवली. काढा म्हणून." आम्ही दोघांनी हात मिळवला. आपापल्या दगडाबद्दल आमचं कधी जमलं नाही. महिनाभराने त्याला कुबड्या मिळाल्या आणि कंपनीने त्याला दुसऱ्या जहाजावर चढवलं. त्याला पोचवायला धक्क्यावर मी एकटाच होतो. त्याने दिलेल्या पत्त्यावर मी पत्रं घातली. उत्तर नाही. त्याच्या दगडावरचा शब्द राहिला की गेला, मला माहीत नाही.

दिनकरचं उत्तर आलं, एका ओळीचं. "कुवेतची हवा लागली तुला." त्यानंतर मंडळाकडून काही आलं नाही, नवीन पत्रकंसुद्धा. अध्यक्षांचं मात्र लांबलचक आलं, सामाजिक सलोख्यावर. पुढचं आईने बहिणीकडून लिहवून कळवलं. कॅम्पातले पेन्शनरांचे म्हातारे मुलगे बिल्ले लावून कॉलेजच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. जमीन आमच्या बापांची, शब्दही आमच्या बापांचा, म्हणाले. उठेनात. शेवटी कमिटीने मान डोलावली आणि माझ्या चार ओळी होत्या तशा कोरल्या गेल्या.

दोन वर्षांनी रजा मिळाली. बोट, मुंबई, मग एसटी. घरी पिशवी टाकली आणि तडक कॉलेजवर गेलो. सुट्टी होती, आवारात चिटपाखरू नव्हतं. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन. पुतळा बरा आहे, खोटं कशाला बोलू. मिशा जरा जास्त झाल्यात. पण पाटी छान धरलीय त्याने, लेकरू धरावं तशी. मी खाली वाकलो.

पहिल्या ओळीत मधे एक गुळगुळीत जागा होती. शब्द सिमेंटने भरलेला. कोणी रागाने फासलं नव्हतं ते. थापीने दाबून, वरून पाण्याचा हात मारून, कडा पुसून घेतल्या होत्या. गवंड्याचा सराईत हात. मी अंगठा फिरवला. थंड आणि सपाट.

कॉलेजच्या फाटकावरच्या शिपायाला विचारलं. "मी गेल्या साली लागलो साहेब, तेव्हापासून असंच आहे." अध्यक्षांच्या घरी गेलो. "छे छे, आम्ही कशाला? कोणाच्या भावना दुखावू नयेत असं कोणाला वाटलं असेल. बसा, कोकमाचं सरबत घ्या." सरबत त्यांच्यासारख्याच पेल्यात, एकाच ट्रेमधून आलं, मला वेगळा पेला नव्हता. हे मला आवर्जून लिहावंसं वाटतं, यातच सगळं आलं.

दिनकर नाक्यावर भेटला. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे.

"तू केलंस?"

"नाही."

"कोणी केलं माहीत आहे?"

"माहीत असतं तर त्याला चहा पाजला असता." मग म्हणाला, "तू घेणार का चहा?" मी घेतला. आम्ही उभ्याउभ्या प्यायलो आणि बहिणीच्या नोकरीबद्दल बोललो.

ते सिमेंट ज्यांना आमचा द्वेष आहे त्यांनी भरलं, की ज्या आमच्याच पोरांना त्या शब्दाचा द्वेष आहे त्यांनी? पहिल्यांचं असतं तर मला राग आला असता, आणि रागाची मला सोबत होते. दुसऱ्यांचं असतं तर मी त्यांच्या सभेत उभा राहून भांडलो असतो, तेही आपल्या माणसांत असणंच. आता मी कोणाकडे तोंड करून बोलू? दोघांचीही थापी एकसारखीच चालते. परतीच्या बोटीवर कठड्याशी उभा राहून मी हाच विचार करत होतो, आणि डेकवरच्या सगळ्या मराठी बोलण्यातलं एकही वाक्य माझ्यासाठी नव्हतं.

कॉलेजला मी दोनदा लिहिलंय, सिमेंट काढा. काढतील असं वाटत नाही. तेव्हा त्या चार ओळी इथं, या मासिकात देतो. छापून झाल्यावर कोणाला खोडायच्या असतील तर प्रत्येक अंक वेगळा खोडावा लागेल.

ही शाळा महार पलटणीतील
पेन्शनर शिपायांनी काढली.
गावच्या शाळेत त्यांच्या मुलांना ओट्यावर बसवत.
या शाळेत कोणालाही ओट्यावर बसवले नाही.